पाण्याबाहेरचा मासा कसा नाचतो

"बाबा, सर म्हणतात नाचात जीवच नाही. शनिवारी पुन्हा दाखवायचा, नाहीतर कॉलेजच्या संमेलनातून माझा नाच बाद." एवढं बोलून मुलगी रडायलाच लागली.

नाचाचं नाव मापाले. कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा. आफ्रिकेतून बेड्या घालून नेलेल्या माणसांच्या पोराबाळांनी तिथे रुजवलेला, त्यांच्यातल्या मासेमारांचा नाच. ढोल वाजतात, टाळ्या पडतात आणि पाण्याबाहेर पडलेल्या माशासारखं अंग उसळवायचं. मापाले हे तिथल्या एका माशाचंच नाव! हे तिनं सांगितलं आणि माझी छाती फुगली. मासा? मग बाप कशाला आहे? राहतो सरावलीत, कारखान्यात नोकरी करतो, पण जन्म दांडीचा आहे, मासेमारांच्या गावचा!

दुसऱ्या दिवशी बोटी लागायच्या वेळेला तिला घेऊन दांडीला पोचलो. टोपल्या उतरल्या. आत बर्फ, आणि बर्फात लाकडासारखे ताठ मासे.

मासे निवडत बसलेली माझी थोरली बहीण खो खो हसली. "काय रं, बर्फातलं मावरं नाचवाया आनलंस पोरीला? उडतं पायजे तर खाडीत जा. बोय हाय तिथं. पाग घे."

बोय म्हणजे खाडीतला उड्या मारणारा मासा, पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं. शेवटचं फेकलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. तरी खाडीत उतरून ऐटीत दोरी मनगटाला गुंडाळली, गिरकी घेतली, जाळं भिरकावलं, आणि चिखलात रुतलेला पाय मागेच राहिला. जाळ्यात चार बोय थडाथड उडत होत्या, शेजारी मी उताणा, हातपाय झाडत.

"दादा, मावऱ्यानंच तुला धरला रं!" बहिणीबरोबर गंमत बघायला आलेल्या बायकांतली एक काठावरून ओरडली.

मुलगी आधी पोट धरून हसली. मग एकदम पुढे झाली. "बाबा, उठू नका! तसेच राहा!"

ती उकिडवी बसून एकदा बोयकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "मी तुमच्यासारखी नाचत होते, नुसते हात झाडत. मासा पाठीतून उसळतो. मध्येच निपचित पडतो, आणि परत उसळतो!"

चपला फेकून ती चिखलात उतरली. बहिणीनं रिकामा टब पालथा घालून त्यावर थापा मारायला सुरुवात केली, बायकांनी टाळ्या धरल्या, आणि माझ्या पोरीच्या पाठीतून एक लाट अशी सळसळत गेली की मी पडल्यापडल्या ओरडलो, "अगं, हेच! हेच ते!"

शनिवारी दुपारी कारखान्यात फोन आला. पलीकडे नुसता आरडाओरडा. "बाबा, घेतलं! सरांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, दांडीच्या खाडीतल्या पाच माशांनी!"

जाळ्यात बोय चारच होत्या. मी स्वतः सोडवल्या होत्या.