टाचेचं माप

डोंगरकडा गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. दंड, मुंढा, पाठ, सगळ्यांची मापं माझ्या बोटांवर आहेत. माझं माप कुणी घ्यावं, यासाठी मात्र मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि तेही टाच दुखली म्हणून. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. तेल लावून झालं, विटेचा शेक झाला, रुईची पानं बांधून झाली. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी फोमच्या मऊ डब्यात माझे दोन्ही पाय दाबून घेतले आणि त्या ठशावरून चपलेत बसवायचे तळवे करून दिले. टाचेपाशी खोलगट, मधे उंचवटा. पाय आत सरकवला आणि वाटलं, ही एक वस्तू तरी माझ्यासाठी केलेली आहे. आमचा ओटासुद्धा गवंड्याच्या उंचीचा आहे.

महिना गेला, फरक काही नाही. मी तणतणत परत नांदेड गाठलं.

"कधी घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहेर जाताना."

"बाहेर कधी जाता?"

"बाजाराला. एखाद्या सोमवारी औंढ्याला, नागनाथाच्या दर्शनाला." आणि तिथंही चपला बाहेरच काढायच्या.

"घरात उभ्या किती वेळ असता?"

पहाटेपासून भाकरी, भाजी, धुणं, भांडी, सगळं उभ्यानं; बसणं होतं ते फक्त शिलाई मशीनवर. म्हणजे उभी असताना मी अनवाणी, आणि गावात मिरवायला तळवे. जेवताना कवळी काढून ठेवावी, तसला प्रकार.

"घरात घाला. ओट्यापाशी तर आधी," ते म्हणाले. किती सहज म्हणाले! मला त्या सहजपणाचाच राग आला.

"तुमच्या घरी बाया सैपाकघरात चपला घालतात का, डॉक्टरसाहेब?"

ते चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला.

घरासाठी म्हणून मी नव्या चपला आणल्या, रस्त्याला एकदाही न लागलेल्या, आणि तळवे त्यात बसवले. सासूबाईंनी पाहिलं मात्र.

"अन्नापाशी चपला? घरात बरकत राहील का?"

"आत्याबाई, नव्या हायेत. बाहेर लागल्याच न्हाईत."

"टाचा आमच्या बी दुखल्या. आमी काय मेलो का?"

नवऱ्यानं मोबाइलमधून मान वर केली. "काहून उगं तमाशा करून राहिली? थोडे दिवस काढून ठेव." हे थोडे दिवस म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही. मी अंघोळीला गेले की सासूबाई काठीच्या टोकानं चपला उचलून उंबऱ्याबाहेर टाकायच्या. मी आणायची, त्या टाकायच्या.

एक दिवस सिलेंडरवाला आला. चिखलाचे बूट घालून थेट ओट्याखाली गेला, टाकी बसवली आणि तसाच परत निघाला. सासूबाईंनी वर त्याला चहा पाजला.

"त्याला काई म्हनला न्हाईत?" मी फरशी पुसता पुसता विचारलं.

"त्याचं कामच हाय ते."

मग माझं काय होतं? फरशी मी पुसत होते, तीही टाच उचलून. तो चिखल पुसताना माझं डोकं जे फिरलं, ते फिरलंच.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं मीच काढली. मुखवटा हातात घेऊन मी त्या पावलांवरून चालत आले, अनवाणीच. देवीशी माझं भांडण नाही. नणंदा, जावा सगळ्या जमल्या होत्या. "महालक्ष्मी आली सोन्याच्या पावलानं," सासूबाई म्हणत होत्या आणि मागून मी कळा दाबत होते.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा सैपाक, पुरण आणि सोळा भाज्या. मी ओट्यापाशी गेले, सगळ्यांसमोर चपला पायात घातल्या आणि गॅस पेटवला.

"आज तरी काढ," सासूबाई म्हणाल्या. "घरात देवी बसल्यात."

"देवीला मी अनवाणी आनलं. सैपाक चपला घालून करनार. चालत नसंल तर कुनीबी या, उभं राहा इथं."

कुणी उठलं नाही. नणंद मान खाली घालून भोपळा चिरत राहिली. नवरा पूजेचं साहित्य शोधायला बाहेरच्या खोलीत गेला, ते तिकडंच राहिला. पुरण झालं, भाज्या झाल्या, महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवला आणि पंगत बसली. ज्या सैपाकानं घराची बरकत जाणार होती, तो सगळ्यांनी मागून मागून खाल्ला.

पंगत उठली तेव्हा सासूबाई हात धुवायला निघाल्या. भिंतीला धरून, टाच न टेकवता, बोटांवर. अशाच त्या चालतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून अशाच. ती त्यांची चाल आहे, असं आम्ही सगळे समजत आलो. मला त्यांची दया नाही आली, रागच आला. इतकी वर्षं त्या याच घरात उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या टाचेचं माप कुणीच घेतलं नव्हतं.