सतरंजीचा मागचा कोपरा

शेअर जीप धडगावच्या घाटात होती आणि फोनची रेंज येत-जात होती. रंजनबेनच्या भाच्याचा आवाज तुटक आला, "काका, मावशी गेली..." आणि पुढचं वळणावर हरवलं. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरलो आणि खरं सांगायचं तर आधी चिडलोच. केळी उतरली की घेऊन येते, असं त्या मागच्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

रंजनबेन आमच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी होत्या, मी त्यांच्या हाताखालचा ग्रामसेवक. माहेर तापीकाठच्या गुजरांचं. घरी गुजरी, माझ्याशी अहिराणी, साहेबांशी कागदी मराठी आणि डोंगरात शिरल्या की तिथल्या पावरा आदिवासींची मोडकीतोडकी पावरी. त्यांची पावरी ऐकून बायका पदराआड हसायच्या. "हसू दे ना रे. हासनारी बाई बोलस बी," त्या म्हणायच्या. ऑफिसच्या जीपच्या मागच्या सीटखाली त्यांची एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी कायम असायची. तिला हात लावलेला त्यांना खपत नसे.

फार वर्षांपूर्वी नर्मदेकडच्या माझ्या एका गावात ग्रामसभा होती. हातपंप एकच मंजूर झाला होता. वरच्या पाड्याला विहीर होतीच, तरी गावचे कारभारी वरचेच, त्यामुळे पंपही वरच होणार हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. खालच्या पाड्याच्या बायका मात्र रोज हंडे घेऊन चढ चढायच्या. सभेत बायकांनी बोलावं म्हणून रंजनबेननी शाळेतल्या खुर्च्या आणवल्या, पहिल्या रांगेत मांडल्या आणि एकेकीला हाताला धरून बसवलं. मी मनात म्हटलं, आता बघा! पण बायका खुर्चीच्या कडेवर टेकल्या, अवघडल्या आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून एकेक करत मागं जाऊन जमिनीवर बसल्या. पुढं नुसत्या खुर्च्या उरल्या. सभा मुकी.

शेवटी अंगणवाडीची बाई रंजनबेनच्या कानाला लागली. सासरे, जेठ खाली बसलेले असताना सून उंचावर कशी बसेल? रंजनबेननी कपाळावर हात मारला. "मन्ही अक्कल कोठे गयी व्हती?" असं म्हणून हसल्या, जीपमधून सतरंजी काढून आणली, सगळ्यांच्या मागं गेल्या, ती पसरली आणि बायकांमध्ये मांडी घालून बसल्या... टेबलाकडे पाठ करून.

"बेन, सभा तिकडं आहे," मी म्हणालो. माझं प्रोसिडिंगचं रजिस्टर टेबलावर, माझा जीव त्यात.

"तं टेबल आठे लई ये."

मी टेबल उचललं, दुसरं काय करणार! पुरुष कुरकुरत बसल्या जागी वळले. आता मागचं पुढं झालं होतं आणि कुणीच कुणापेक्षा उंच नव्हतं. मग खालच्या पाड्याची खुमीबाई पदर तोंडाशी धरून पावरीत एवढंच म्हणाली, "पाणी आम्ही वाहतो. जागा तुम्ही ठरवता." कारभारी तिचे चुलतसासरे. म्हातारा म्हणाला, "पोरगी खोटं नाही बोलत." पंप खाली झाला. परतताना खुमीबाई पाया पडायला लागली, तर रंजनबेन पावरी विसरून अहिराणीतच तिच्यावर खेकसल्या, "मन्हा पाय काब्रं धरस? तुन्हं पानी तू मांगीसन लिधं!"

त्यानंतर आमच्या सगळ्याच सभा तशा भरू लागल्या. निवृत्त होताना त्यांनी सतरंजी माझ्याकडे दिली, धुऊन, घडी घालून. मला वाटलं होतं, परत मागतील.

त्या गेल्यावर पहिली सभा त्याच गावात होती. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी गुमान पूर्वीसारखं पुढं टेबल लावलं आणि त्यामागच्या खुर्चीत बसलो. सतरंजी काखेतच होती. पसरायचं धैर्य होईना. आता म्हातारी झालेली खुमीबाई उठली, सतरंजी माझ्या काखेतून ओढली, मागं नेऊन पसरली आणि बेन बसायच्या तो कोपरा हातानं झटकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ये. इथं बस."

मी जाऊन बसलो. डोळे पुसायला टेबलाचा आडोसा नव्हता. समोरचे सगळे पुरुष, कारभाऱ्याचा नातूसुद्धा, न सांगता आमच्याकडे वळून बसले, आणि खालच्या पाड्यावर कुणीतरी हातपंप मारत होतं.