ओले प्लग

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अनिलला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. बसा जरा. मला वेळ लागेल.

नव्वदच्या दशकात नाशकात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला सोबत न्यायचे. सातपूरला माझं गॅरेज होतं, पण नाव झालं ते संशयामुळे. विकणारा खोटं बोलतोय असं धरूनच मी त्याच्या दारात पाय ठेवायचो. दाराचं रबर उचलून खालचा रंग बघायचो—वेगळा दिसला की गाडी ठोकलेली. किलोमीटरचा काटा कमी दाखवतोय आणि ब्रेकचं पेडल झिजून गुळगुळीत झालंय? मग काटा मागे फिरवलाय. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गाडी गार असतानाच बघायची. आधीच गरम करून ठेवली असेल तर तो माणूस काहीतरी लपवतोय. मी बॉनेटवर हात ठेवायचो आणि माणसाबद्दल मत करून टाकायचो. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्याचीच सवय लागली का? असेल.

अनिल माझा शाळेपासूनचा मित्र, फोटो स्टुडिओवाला, गाड्यांचा वेडा. एकदा तो धापा टाकत गॅरेजवर आला. अंबडच्या एका कारखान्यातला ड्रायव्हर जपानी स्पोर्ट्स कार विकतोय म्हणाला. लाल, दोन दारांची, रोटरी इंजिनाची. रोटरी म्हणजे नेहमीसारखे वरखाली होणारे पिस्टन नाहीत—आत तिकोनी चकत्या गरागरा फिरतात. मी असं इंजिन फक्त चित्रात पाहिलं होतं. पण अनिलला तसं म्हणालो नाही. म्हणालो, "बघू की. इंजिन ते इंजिन."

ड्रायव्हरचं नाव भिकन. सटाण्याकडचा, चाळिशीचा, हडकुळा माणूस. कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनियरकडे तो चार वर्षं होता, आणि साहेब मायदेशी जाताना गाडी त्याच्या नावावर करून गेले होते. आता मला सांगा, ड्रायव्हरला कुणी स्पोर्ट्स कार देतं? मी तिथेच ठरवलं, इथे काहीतरी भानगड आहे. तो विकत का होता? तर म्हणे घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोघांची. हे मला फारच साधं वाटलं. इतकं साधं कारण खरं असतं का?

रविवारी सकाळी मी मुद्दाम ठरल्या वेळेच्या तासभर आधी गेलो. त्याच्या खोलीमागच्या गल्लीत पत्र्याची शेड होती, तिथे गाडी. बॉनेटवर हात ठेवला. गार. भिकनने चावी दिली आणि बजावलं, "भाऊ, एक करा. गार असताना चालू करून लगेच बंद करू नका. नीट गरम होऊ द्या. साहेबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं मला." मग ऑइलचं सांगू लागला—हे इंजिन थोडं ऑइल जाळतंच, तो दोष नाही, दर आठवड्याला काडी ओढून बघायची. आणि खरी परीक्षा गरम झाल्यावर. गरम गाडी बंद करून पुन्हा चालू होते का ते बघा म्हणाला.

मी ऐकत होतो आणि मनात हसत होतो. विकणाराच सांगतोय काय बघायचं आणि काय नाही. ऑइल जाळतं, तो दोष नाही म्हणे. गार असताना नको म्हणे.

तो कागद आणायला खोलीवर गेला. मी एकटाच होतो. गाडी चालू केली—पहिल्या झटक्यात लागली, आवाज शिलाई मशीनसारखा एकसारखा. शेडमधून चार हात बाहेर काढली, उजेडात रंग बघायला. आणि बंद केली.

अनिलही वेळेआधीच आला. भिकन कागद घेऊन आला. मी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. पुन्हा. पुन्हा. लागेच ना. भिकनचा चेहरा उतरला. त्याने गाडीकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मघाशी चालू केली होती का तुम्ही? मला आवाज आला."

अनिल माझ्याकडे बघत होता. आणि मी म्हणालो, "नाही. ढकलून बाहेर काढली. हात नाही लावला चावीला."

हे खोटं मी कबूल करतोय, पण एवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. घाबरलो, तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं.

भिकन म्हणाला, प्लग काढून बघा, ओले असतील, आत पेट्रोल साचलंय. सुकवून थोडं ऑइल सोडलं की लागेल. मी प्लग काढायला वाकलो. ते दोघं माझ्या पाठीमागे होते. पहिला प्लग हातात आला तो पेट्रोलने निथळत होता. रोटरी मला ठाऊक नव्हती, पण ओला प्लग कुठल्या मेकॅनिकला कळत नाही? भिकनचा शब्द न् शब्द खरा होता. बिघाड मी केला होता, पाच मिनिटांपूर्वी, त्याने सांगितलेलं न ऐकून.

मी खिशातला फडका काढला आणि प्लग पुसले. चारही. एकेक करून, कोरडे होईपर्यंत. मग वळून अनिलच्या हातावर ठेवले.

"कोरडे आहेत," मी म्हणालो. "आतलं काम गेलंय. इंजिन संपलं."

भिकनने प्लग हातात घेऊन पाहिले, नाकाशी नेले. पेट्रोलचा वास तर माझ्या हातांना, कपड्यांना, सगळ्यालाच येत होता. तो गोंधळला. मराठी सोडून एकदम घरच्या बोलीत शिरला. "गाडीमा खोट नई शे, भाऊ." अनिलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू होतास म्हणून वाचलो."

दोन दिवसांनी भिकन ती गाडी चालवत अनिलच्या स्टुडिओसमोर घेऊन आला. दाखवायला. अनिलने मला फोन लावला. मी काय म्हणालो? "काहीतरी तात्पुरतं करून, गरम करून आणली असेल. मी ओळखतो असले लोक." त्याने माझंच ऐकलं.

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, हा किस्सा मीच रंगवून सांगायचो. कारखान्यातल्या ड्रायव्हर लोकांपर्यंत तो पोहोचला, मग वरच्यांपर्यंत. साहेबांनी गाडी खरंच दिली की याने काही केलं, याची चौकशी झाली. कागद चोख होते. पण कारखान्याच्या पाहुण्यांच्या गाडीवरून त्याला काढलं आणि गोदामात बसवलं. काही महिन्यांत तो नोकरी सोडून गावी गेला. मला हे कळलं तेव्हा मी एका बोल्टला पाना लावत होतो. बोल्ट घट्ट केला, पुढचा घेतला.

नंतर आठ-दहा वर्षांनी मी सटाण्याला एका लग्नाला निघालो होतो. गावाच्या अलीकडेच माझी जीप बंद पडली. लोकांनी ढकलत जवळच्या गॅरेजवर नेली. आतून भिकन बाहेर आला. केस पांढरे झालेले. त्याने मला ओळखलं, पाणी दिलं, जीप दुरुस्त केली. हात पुसत माझ्यासमोर बसला.

"सुधाकरभाऊ, एक विचारू? राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही चालू केली होती ना?"

तिथे कुणी नव्हतं. अनिल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. माझं काय जाणार होतं? काहीच नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्याने हातातला फडका घडी करून बाजूला ठेवला. मग मान हलवून म्हणाला, "म्हणजे माझ्याच कानाला भास झाला. इतकी वर्षं तुमच्यावर संशय घेत होतो. घरात, लोकांत बोललोही. माफ करा भाऊ." आणि त्याने हात जोडले.

मी म्हणालो, "असू दे."

आणि जीप काढून लग्नाला गेलो. जेवलो.