सुजाताचा गोट्या आणि पेटीतला ओलावा

सुजाता गेली तेव्हा मी दवाखान्यात नव्हतो. घरी सापाच्या पेटीत पाणी फवारत होतो.

आज वर्ष झालं.
नातेवाईक अजून विचारतात, "बायकोपेक्षा साप मोठा होता का?"
म्हणून लिहितोय.

गोट्या हा तिचा बॉल पायथन. परदेशी जातीचा छोटा अजगर, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेला.
सुजाता कन्नड तालुक्यात शेतात वाढलेली, तिला सापाची भीती नव्हतीच. मला लई होती. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत मी त्या काचेच्या पेटीला वळसा घालून जायचो.

मग तिला कॅन्सर निघाला. ती ॲडमिट झाली अन् पेटी माझ्याकडं आली.

फोनवर आधी गोट्याची चौकशी, मग माझ्या जेवणाची.

"गरम बाजू किती?"
"एकतीस डिग्री."
"गार?"
"सव्वीस."
"अन् ओलावा?"
"चाळीस."
"अहो, चाळिसात कात फाटते त्याची! साठच्या वर पाहिजे. उन्हाळा आहे, आपल्याकडची हवा किती कोरडी. फवारा मारा."

एकदा कात फाटलीच. तुकडे अंगाला चिकटून बसले.
ती व्हिडिओ कॉलवर सांगत गेली, तसं मी त्याला कोमट ओल्या टॉवेलात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा साप हातात. सलाइन लावलेल्या हातानं फोन धरून ती हसत होती.
"डोळ्यावरची ओढू नका हां. पुढच्या कातीला निघंल ती."

पुढची कात आली तेव्हा ती फार थकली होती. गोट्याचे डोळे दुधाळ झाल्याचं मी तिला सांगितलं.
दुपारी म्हणाली, "घरी जाऊन या. आता ओलावा कमी पडला तर डोळा जाईल त्याचा."
"अगं, पण तू..."
"मंगल आहे ना इथं. जा."

मंगल तिची धाकटी बहीण.

मी गेलो. फवारा मारला. मीटरवर पासष्ट दिसेपर्यंत थांबलो.
तेवढ्यात मंगलचा फोन आला.

पाचव्या दिवशी कात निघाली. अख्खी, दोन्ही डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. ती हातात धरून मी फरशीवर बसलो होतो.
मंगल शेजारी येऊन बसली. म्हणाली, "दाजी, तुम्ही निघाल्यावर ताईनं विचारलं, 'गेले का?' मी व्हय म्हणलं. तर म्हणाली, 'बरं झालं. त्यांना बघवलं नसतं.'"

बघवलं असतं गं मला, सुजाता.

एवढंच सांगायचं राहून गेलं.
तुझ्या आठवणीला मनापासून नमस्कार.