लिस्बनच्या फाईलमधलं पत्र

हेदर ॲक्रॉइडला लिस्बनला जायचं होतं चार दिवस आणि त्याची काळजी ती करत होती जानेवारीपासून. विमान ऑक्टोबरच्या सुट्टीतलं. हॅलिफॅक्समधल्या त्यांच्या गल्लीतली माणसं वर्षाला दोनदा स्पेनला जातात आणि आदल्या संध्याकाळी बॅग भरतात. हेदरने मात्र बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याचा एक खोका करून ठेवला होता, विमान कंपनीने दिलेल्या मापाचा. त्यात बसेल तीच बॅग सोबत येणार. मुलांनी आपापल्या बॅगा चारदा त्यात घालून दाखवल्या. चौथ्या वेळी टिली म्हणाली, "आई, आता मलाच बसव यात. तिकीट तरी वाचेल."

टिली सोळाची, तिचा भाऊ जोएल चौदाचा. त्यांचा बाप क्रेग स्लेटर सात वर्षांपूर्वी घर सोडून स्कंथॉर्पला गेला, तिथे ट्रक चालवतो. घटस्फोटानंतर हेदरने माहेरचं आडनाव परत घेतलं, मुलं स्लेटरच राहिली. हे तिघं एकत्र परदेशी कधीच गेले नव्हते. आजवरच्या सगळ्या सुट्ट्या समुद्रकाठच्या कॅराव्हॅनमध्ये, त्या भाड्याच्या चाकांवरच्या घरात, पाऊस बघत आणि पत्ते खेळत. पुढच्या वर्षी टिली कॉलेजात जाईल, मग आईबरोबर कोण येतंय? हेदरच्या हिशोबाने ही एकच वेळ होती, आणि ती हुकली तर कायमची हुकली.

ती एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात काम करते. जी मुलं वर्गात नसतात त्यांच्या घरी फोन करायचे, आजारपणाच्या चिठ्ठ्या तपासायच्या. शाळा चालू असताना पोरांना सुट्टीवर नेणाऱ्या आईबापांना दंडाची ताकीद देणारी पत्रंही तीच पाठवते, म्हणून बिचारीला स्वतःला सगळ्यात महागाच्या आठवड्यात जाणं भाग. आईची सही पोराने ठोकली असेल तर हेदर ती टेबलापलीकडून ओळखते. ती म्हणते, खरी सही घाईत असते, खोटी जपून पावलं टाकते. पंधरा वर्षांत तिची फसगत झाली नव्हती.

अशा बाईच्या हाती प्रवासाची फाईल आली की काय होणार? पासपोर्टच्या तीन तीन प्रती. हॉटेलपासून ट्रामपर्यंतचा नकाशा, त्यावर स्वच्छतागृहांना हिरव्या खुणा. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो. हेदर थंड पाणीही फुंकून पीत होती. सगळ्या कागदांत एकच कागद तिच्या हातात नव्हता. एकच पालक सोबत असेल आणि मुलांचं आडनाव वेगळं असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र जवळ ठेवा, नाहीतर सीमेवर अडवू शकतात, असं तिने वाचलं होतं.

क्रेगला विचारायचं म्हणजे क्रेगशी बोलायचं. दोन वर्षांत ती दोघं भांडल्याशिवाय बोलली नव्हती. 'नाही' म्हणायला त्याचं काय जातंय, असं तिला वाटायचं, आणि त्या एका 'नाही'ने लिस्बन संपलं असतं. जोएल म्हणाला, "मी शनिवारी त्याला भेटायला जातोच आहे, मी घेऊन येतो सही." हेदरने पत्र छापून त्याच्या हाती दिलं आणि स्वतःला फोन करावा लागला नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला. इथे ती चुकली.

शनिवारी जोएल परत आला तो एवढंच म्हणाला, "झाली सही. बॅगेत आहे." बॅग शाळेच्या लॉकरमध्ये गेली. रविवारी विमान, आणि बुधवारपर्यंत पत्राचा पत्ता नाही. शेवटी बुधवारी जेवताना बीन्स आणि फिश फिंगरच्या मध्ये त्याने ते टेबलावर सरकवलं.

"घे. आता तरी शांत बस."

हेदरने हात पुसून पत्र उचललं. खाली निळ्या शाईत 'क्रेग स्लेटर', अक्षरं डावीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून परत वर वळवलेली. सही जपून पावलं टाकत होती. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे नाही. ती शेपटी तिने स्वतः शोधून काढली होती, याच टेबलावर.

क्रेग गेला त्या वर्षी जोएलचा आठवा वाढदिवस होता. पोरगं सकाळपासून दारातल्या टपालाच्या फटीजवळ बसून राहिलं आणि काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी हेदरने एक कार्ड आणलं, डाव्या हाताने लिहिलं, पेटीत टाकलं, आणि उशिरा का होईना, कार्ड आलं. तेव्हापासून दोन मुलांची वर्षाला दोन कार्डं, प्रत्येकात एक नोट. खरं वाटावं म्हणून ती 'बाबा'च्या खाली पूर्ण सहीसुद्धा करायची. सहीशिवायचा कागद हेदरच्या ऑफिसात कागदच नसतो ना. जोएलने तीच सही गिरवली होती.

आता बोलायचं काय? खोटं पत्र घेऊन सीमेवर उभं राहायचं, तर त्यावर क्रेगचा फोन नंबर होता. तिथल्या माणसाने फोन लावला आणि क्रेग म्हणाला, कसलं पत्र? मग मुलं एका खोलीत आणि ती दुसऱ्या, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि खोटं आहे म्हणायचं, तर तुला कसं कळलं, हे सांगावं लागणार. तिने वर पाहिलं. टिली तिच्याकडेच बघत होती, आणि तिने अगदी किंचित नकारार्थी मान हलवली.

"जोएल," हेदर म्हणाली, "ही बाबाची सही नाही."

"आहे."

"नाही रे राजा. मी दिवसभर तेच बघते."

"तुला सगळेच चोर वाटतात!" तो तडक उठला. जिन्यावर धाडधाड पाय वाजले आणि खाली आला तो बुटाचा खोका घेऊन. त्यात सातही कार्डं होती, वर्षांप्रमाणे लावलेली. ती त्याने बीन्सच्या ताटाशेजारी एकेक करून मांडली. "बघ. बघ ना. तंतोतंत आहे का नाही?"

तंतोतंतच होती. हेदरला वाटलं, गप्प बसावं. एवढी वर्षं बसलोच की. पण पोरगं तिच्याकडे असं बघत होतं की आणखी एक खोटं तिला गिळवेना. तिने पेन डाव्या हातात घेतलं, पत्राच्या पाठीवर 'क्रेग स्लेटर' लिहिलं, शेपटी खाली ओढली आणि वर वळवली.

जोएलने ती सही पाहिली, मग कार्डं पाहिली.

"सगळी?"

"सगळी."

"तुला माहीत होतं?" त्याने बहिणीला विचारलं.

"बाबा आयुष्यात कधी वेळेवर आलाय?" टिली म्हणाली. "आणि कार्ड मात्र, पहिलं सोडलं तर, दर वर्षी आदल्या दिवशी हजर. शिवाय कुठला बाप पोराच्या कार्डावर अख्खं आडनाव लावून सही करतो? बँक आहे का ती?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तुला आवडायची ती. म्हणून बोलले नाही."

जोएल खाली बसला. "मी फोनवर थँक्यू म्हणायचो तेव्हा तो म्हणायचा, त्यात काय एवढं." एक कार्ड पालथं घालत तो म्हणाला, "दर वेळी म्हणायचा."

हेदरला क्रेगचा राग आला तसा स्वतःचाही आला, आणि दोन्हींत कमी कुठला ते ठरेना. "आणि शनिवारी?" तिने विचारलं.

"आलाच नाही. स्टेशनवर दोन तास बसलो. मग तिथल्याच कॅफेत केली सही. नसती आणली तर तू सगळं रद्द केलं असतंस. तू वर्षभर तेवढंच करतेयस ना, हे लिस्बन."

तो रडला नाही, म्हणून हेदरलाही रडता येईना. "चूक माझी," ती म्हणाली. "मागायला मी जायला हवं होतं. घाबरले आणि तुला पुढे केलं. नको होतं करायला."

तिने तिथल्या तिथे, मुलांसमोर फोन लावला.

"क्रेग, उद्या सहाला घरी आहेस?"

"उद्या? बघतो, जमलं तर..."

"बघू नकोस, घरीच राहा. मी सहीला येतेय." आणि तिने फोन ठेवला. टिलीने भुवया उंचावल्या आणि आईचं गार झालेलं ताट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर नवं पत्र छापून घेऊन तिघं स्कंथॉर्पला निघाली. वाटभर हेदरला एकच भीती, तो घरी नसला तर? आणि असून नाही म्हणाला तर? क्रेग घरी होता. पायात नुसते मोजे. माणूस दुष्ट नव्हे, त्याचं सगळं फक्त उद्यावर असतं. त्याने पत्र वाचलंही नाही. दाराच्या चौकटीवर कागद टेकवला, सही केली आणि म्हणाला, "लिस्बन होय? ऊन असेल तिकडे." मग गाडीकडे बघून हात हलवला. "पोरांना सांग, शनिवारचं राहून गेलं."

"तूच सांग," हेदर म्हणाली.

तो मोज्यांवरच फाटकापर्यंत आला. जोएलने काच खाली केली. काय बोलणं झालं ते हेदरने ऐकलं नाही. ती मुद्दाम गाडीपासून लांब उभी राहिली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ती गाडीत बसली तेव्हा जोएलने पत्र मागून घेतलं. सही म्हणजे एक वळण आणि एक लांब रेघ, झाली. ना झुकाव, ना शेपटी. त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"तुझी बरी होती," तो म्हणाला. मग पत्र पुढे देत, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "या वाढदिवसाला तुझं एक आणि बाबाचं एक अशी दोन कार्डं नकोत. एकच दे. उजव्या हाताने लिहिलेलं."

हेदर हो म्हणाली. पत्र फाईलमध्ये घातलं, गाडी सुरू केली, आणि फाटकापुढून निघायच्या आधी ते आत आहे ना, हे फाईल उघडून आणखी एकदा पाहिलं.