सैल अंगठी

कुठलीही वस्तू हातात आली की ताई ती आधी दोनदा ओढून बघायच्या आणि मग विचारायच्या, "टिकेल ना?"

बादली घ्यायची तर कडी ओढायच्या. चप्पल घ्यायची तर अंगठा ओढायच्या. जयपूरला जवाहर नगरातल्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी घेतानाही तोच प्रश्न. तो हात जोडायचा. "बहनजी, धनिया है. कल तक खा लेना." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुकानात त्यांच्याबरोबर उभं राहायची आपल्याला लाज वाटते, आणि त्यांनी घेतलेली वस्तू मात्र वर्षानुवर्षं चालते. ताईंची हिरवी बादली अजून माझ्या मोरीत आहे.

ताई विमा कंपनीत अधिकारी होत्या. बदलीवर जयपूरला आल्या त्या एकट्याच. आईवडील गेलेले, एक भाऊ सांगलीला. मी त्यांच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचे. आम्ही विट्याकडचे. आमचे मालक जोहरी बाजारामागच्या गल्लीत सोनं गाळायच्या भट्टीवर कामाला होते. आमच्याकडची माणसं याच धंद्यापायी गावोगाव पांगलेली आहेत. "मराठी बोलायला कोणी हवं म्हणून तुम्हाला ठेवलं," असं ताई सगळ्यांना सांगायच्या. पण मी कुठली बोलणार? त्या ओट्याशी खुर्ची ओढून बोलत बसायच्या आणि मी पोळ्या लाटत ऐकायचे.

चाळिशी उलटल्यावर ताईंचं लग्न ठरलं. साताऱ्याचे एक शिक्षक होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. फोन ठेवल्यावर ताई थोडा वेळ भाजीत मीठ आहे की नाही तेही सांगू शकायच्या नाहीत. एका रविवारी ते म्हणाले, "साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालायची माझी फार इच्छा आहे. पण मला त्यातलं कळत नाही. तुम्ही जयपुरात आहात, तुमच्या पसंतीने घेऊन ठेवा. घालायला मी येतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की."

ताई मला म्हणाल्या, "वहिनी, बरोबर चला. तुमचे मालक सोन्यातले. तुम्ही असलात की आपल्याला कोणी फसवणार नाही."

"ते सोनं गाळतात, ताई. घडवत नाहीत."

"मग तर फारच चांगलं. मोडलेलं सगळं त्यांच्याकडेच येत असेल. अंगठीचं काय मोडतं ते विचारून ठेवा."

मी खरंच विचारलं. मालक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "अंगठीचं काय मोडतंय? माणसाचंच काहीतरी होतं, मग ती आमच्याकडे येते." ताईंना मी एवढंच सांगितलं, की अंगठी मोडत नाही म्हणे.

त्या थंडीत आम्ही कितीतरी शनिवार जोहरी बाजारात काढले. ताई पुढे आणि मी मागे, पदरात हात लपवून. कणकेने आणि भांड्यांनी माझी बोटं कशी झाली होती ते मलाच बघवत नसे. पांढऱ्या गादीवर बसायचं, चहा यायचा, शेठजी कागदाची पुडी उघडून खडे ओतायचे. ताई लगेच म्हणायच्या, "भैया, पहले लाइट बंद करो." दुकानातल्या दिव्यांत काचही चमकते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग खिडकीच्या उजेडात बघणं. मग, "बघू, घाई काय आहे?" असं म्हणून बाहेर.

रिक्षात बसल्यावर मात्र त्या सगळे खडे पुन्हा आठवायच्या. "तो दुसरा बरा होता, नाही? पण जरा पिवळट होता." मी हं म्हणायचे. मला सगळे सारखेच दिसायचे. मला ताई बघायला आवडायच्या, एवढं खरं.

शेवटी एका दुकानात त्यांना एक अंगठी आवडली. छोटा खडा, सोन्याच्या चार नखांत धरलेला. ताईंनी काय करावं? अंगठी बोटात घालून ती आपल्या लोकरीच्या शालीवरून वरखाली घासली. शेठजी उभेच राहिले.

"अरे बहनजी, ये क्या कर रही हो?"

"धागा अडकतो का बघतेय," ताई मला म्हणाल्या, आणि त्यांना म्हणाल्या, "टिकेगी ना?"

"बहनजी, हीरा है! चप्पल नहीं है!"

"हीरा तो टिकेगा, भैया. इसके नाखून टिकेंगे?"

शेठजी एवढे हसले, की आतून त्यांचा भाऊ बघायला आला. धागा अडकला नव्हता. मग ताईंनी ती अंगठी काढून एकदम माझा हात पदरातून ओढला आणि माझ्या बोटात घातली. "तिकडे दाराशी उभ्या राहा. आपल्याच हातात लांबून कशी दिसते ते कळत नाही हो." मी दाराशी उभी राहिले. बाजार चालला होता, ऊन पडलं होतं, आणि माझ्या त्या बोटावर तो खडा. ताई मान तिरकी करून बघत होत्या. "हीच," त्या म्हणाल्या.

माप घेताना शेठजींनी एक कडी ताईंच्या बोटात अगदी बरोबर बसवली. ताईंनी ती दोनदा ओढली. "नको, याच्यापेक्षा मोठी."

"गिर जाएगी, बहनजी."

ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "लग्न झाल्यावर अंग भरतं ना हो, वहिनी? सगळ्यांचं भरतं. मग पुन्हा कापून वाढवत बसायचं का? आत्ताच जरा सैल घ्यावी." त्यांच्या गालावर लाली आली होती. मलाही पटलं. मलाही लग्नानंतर मोठ्या मापाच्या बांगड्या घ्याव्या लागल्या होत्या. अंगठी सैल घेतली.

होळीनंतर ताईंचं जेवण कमी झालं. आधी पोळी सुटली, मग भात. "उन्हाळा आहे," असं त्या म्हणायच्या. ऑफिसातल्या लोकांनी बळेच दवाखान्यात नेलं, तेव्हा पोटात मोठा आजार निघाला. त्या रविवारी ताईंनी फोनवर शिक्षकांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका. आपण हे इथेच थांबवू." ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ताई बराच वेळ रिसिव्हर धरून होत्या. मग मला म्हणाल्या, "गाडीचं तिकीट काढलंय म्हणतात. हट्टी आहेत हो."

ते आले. उंच, पांढरे केस, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सांगलीहून भाऊ-भावजय आले. मी शिरा केला. पाहुण्यांना तो फार गोड झाला होता, तरी सगळ्यांनी संपवला. कूलर चालू होता. ताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मोरपंखी साडीत, आणि ती साडीच बसल्यासारखी दिसत होती. भावजयीने कुंकू लावलं, ओटी भरली. शिक्षकांनी डबी उघडून अंगठी ताईंच्या बोटात घातली.

ताईंनी नमस्काराला हात उचलला आणि अंगठी घरंगळून पलंगाखाली गेली.

भावजयीने तोंडावर पदर घेतला. ताई आपल्या बोटाकडे बघत होत्या.

मी चारचौघांत कधी पुढे होत नाही. त्या दिवशी कशी झाले कोण जाणे. पलंगाखाली शिरून अंगठी काढली, शिवणाच्या डब्यातलं पिवळं रीळ घेतलं, सोन्याला मिळतं म्हणून, आणि अंगठीच्या खालच्या बाजूला दोरा गुंडाळायला बसले. आमच्याकडे सैल अंगठीला असंच करतात. एक थर, दोन थर. घालून बघितली, फिरत होती. आणखी गुंडाळला. ते शिक्षक माझ्याजवळ खाली बसले आणि दोऱ्याचं टोक धरून राहिले. शेवटी गाठ मारली. त्यांनी पुन्हा घातली.

ताईंनी अंगठी दोनदा ओढली. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "टिकेल ना?"

"टिकेल, ताई." दोऱ्याबद्दल मी ते खात्रीने सांगू शकत होते.

त्यानंतर ते साताऱ्याला गेलेच नाहीत. बिनपगारी रजा वाढवत राहिले. त्यांना वरणभात करता येत होता, तो ताईंना भरवायचे. मी आणखी दोनदा दोरा वाढवला. ताई हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, अंग भरायचं राहिलंच बघा."

राखीपौर्णिमेच्या आधी त्या गेल्या.

शेजारच्या बायकांनी अंघोळ घातली. दागिने उतरवताना त्या मला म्हणाल्या, "आप निकालो, आप इनकी हो." माझा हात लागताच अंगठी निघून आली. एवढा दोरा होता, तरी.

मी ती भावापुढे धरली. त्याने मान हलवली आणि शिक्षकांकडे बोट केलं. त्यांनी अंगठी तळहातावर घेतली. माझ्या हळदीच्या हातांनी दोरा आणखी पिवळा झाला होता. ते मला म्हणाले, "वहिनी, आता हा दोरा सोडायचा असतो का? तसं काही असतं का?"

तसं काही असतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं, दोरा दोनदा ओढून बघितला. तो हलला नाही.