न आवरलेला वर्ग

कोणी येणार म्हणून कधीही, कशाचीही आवराआवर न करणारी साऱ्या लखनौत एकच बाई आहे, आणि ती माझी थोरली नणंद. लग्नासाठी तिला पाहायला मंडळी आली तेव्हाही ती मेथी निवडत बसली होती म्हणे. मुलाने न सांगता अर्धी जुडी पुढ्यात ओढली, म्हणून तिने होकार दिला. रेल्वेतल्या त्या इंजिनिअर नवऱ्याबरोबर साताऱ्याहून इकडे येऊन तिला तीस वर्षं झाली. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या तिच्या घरात आजही पाहुण्याला सोफ्यावरचे वाळलेले कपडे सारूनच बसावं लागतं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, निदान पुढची खोली तरी..." तर म्हणाली, "अगं, माणसं घरी येतात, म्युझियममध्ये नाही. त्या चादरीची घडी घाल बघू." मी घडी घातली.

तिची दुसरी खोड याहून अवघड. समोरचा बोलताना अडला तर ती त्याला शब्द सुचवत नाही. पदराचं टोक दातांत धरते आणि थांबते. गॅसवर दूध उतू गेलं तरी थांबते. माझा नवरा लहानपणी फार अडखळायचा. घरातले सगळे त्याचं वाक्य पुरं करून मोकळे व्हायचे, थांबायची ती फक्त हीच. जवळच्या एका खासगी शाळेत वाचनात मागे पडलेल्या आठ मुलांचा जादा तास ती घ्यायची, तोही असाच, दातांत पदर धरून.

तो तास पाहायला आमच्या संशोधन प्रकल्पातली माणसं येणार होती. शाळेची तयारी करून घेणं माझ्याकडे होतं: कोपऱ्यात दोन खुर्च्या, शांत खोली, पालकांची संमतीपत्रं. ती पत्रं ताईने घरोघर जाऊन, प्रत्येकाला वाचून दाखवून सही करवून आणली. बाकीची तयारी शाळा चालवणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी हौसेने अंगावर घेतली. भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या, आणि त्या सकाळी आम्ही पाहतो तर वाचनाच्या तासाला शाळेतली सगळ्यात हुशार आठ मुलं भांग पाडून बसलेली. कच्च्या आठांना सुट्टी देऊन टाकली होती.

ताई तशीच बाहेर पडली. तासाभराने दोन ई-रिक्षांतून तिची आठही मुलं उतरली, कुणी घरच्या फ्रॉकवर, कुणी डोक्याला तेल थापलेलं.

"मैडम, स्कूल की इज़्ज़त का सवाल है," मॅनेजरसाहेब दारात आडवे आले. "आज ये अटक गए तो अगले सेशन से क्लास बंद समझिए."

"कर दीजिएगा बंद, भैया," ताई म्हणाली. "जो पढ़ लेते हैं, उनके लिए तो ये क्लास है ही नहीं. और काग़ज़ पर दस्तख़त इन्हीं के माँ-बाप के हैं."

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. ती मुलांना घेऊन सरळ आत गेली.

तिसऱ्याच ओळीवर रुबीना नावाची मुलगी अडली. पाहुण्यांची पेनं थांबली. ताईच्या दातांत पदर. मॅनेजरसाहेबांना ती शांतता सोसवेना, त्यांनी दारातूनच शब्द सांगून टाकला. ताई उठली, "आप बाहर बैठिए" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग रुबीनाने ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा तिथेच अडली, आणि बऱ्याच वेळाने एकटीने पुढे गेली.

मॅनेजरसाहेब शब्दाला जागले. एप्रिलपासून तास बंद झाला, ताईही त्याच सुमारास निवृत्त झाली. आता ती आठ मुलं दुपारी तिच्या घरी येतात, सोफ्यावरच्या कपड्यांच्या घड्या घालतात आणि वाचायला बसतात.

परवा मी गेले तेव्हा ताई त्यांना साताऱ्याची काहीतरी गंमत सांगत होती, आणि मध्येच अडली. हल्ली अडते ती. मला शब्द ठाऊक होता. मी तोंड उघडणार तोच रुबीनाने माझ्या हातावर हात ठेवला.

"बताइए मत, आंटी," ती हळूच म्हणाली. "आ रहा है उनको."

आठही मुलं थांबली होती. मीही ओढणीचं टोक दातांत धरलं.